चुलवाण, बंब आणि चूल

घरोघरी मातीच्याच चुली, ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी नित्याची आहे. कोणाच्याही घरात काही उणे दिसले की तिचा आधार घ्यावयाचा आणि मनाचे समाधान करावयाचे, असा परिपाठ आहे. परंतु त्या मातीच्या चुलीचा स्वतःचा इतिहास कोणता, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. राजवाडे, किल्ले, तह आणि लढाया यांच्या इतिहासांनी कपाटे भरली. ज्या विस्तवावर राजापासून शिलेदारापर्यंत सर्वांचे अन्न शिजले, त्याची हकीकत मात्र बाजूलाच राहिली. वास्तविक ती वाचण्यासाठी जुनी दफ्तरे धुंडाळावयास नकोत. जयसिंगपूरसारख्या पेठेत आणि तिच्या भोवतालच्या मळ्यांत ती उघड्यावर मांडलेली होती, आणि काही अंशी आजही आहे.

जयसिंगपूर वयाने तसे लहान. १९१७ साली राजर्षी शाहू छत्रपतींनी व्यापाराची पेठ म्हणून ते वसविले आणि आपले जनक पिते जयसिंगराव घाटगे यांचे नाव त्याला दिले. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ सालीच सुरू झालेला होता. त्याच्या आधाराने, आखीव सरळ गल्ल्यांची ही वसाहत उभी राहिली आणि शिरोळ भागातील गूळ व तंबाखू यांच्या व्यापारावर भरभराटीस आली. हा मुलूख कृष्णा-पंचगंगेच्या काठचा, काळ्या कसदार जमिनीचा आणि सपाट. पश्चिमेस पन्हाळा-राधानगरीकडे जशी दाट झाडी आहे, तशी इकडे नाही. येथे जळण म्हणजे बांधावरची बाभळ, तुरीच्या तुराट्या, शेणी आणि उसाचे चिपाड. सरपणाचा डोंगर परसात रचून ठेवावा अशी चैन या सपाटीवर फारशी कोणास लाभली नाही. काडी-काडी जपून वापरावी लागे.

अशा या मुलखातील एखाद्या खाऊनपिऊन सुखी कुटुंबात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तीन ठिकाणी अग्नी पेटत असे. मळ्यात गुऱ्हाळाचे चुलवाण, न्हाणीघरात तांब्याचा बंब आणि स्वयंपाकघरात चूल. जळण थोड्याफार फरकाने तेच. परंतु पहिल्या दोहोंत धूर निघून जाण्यास वाट केलेली होती, तिसरीत ती नव्हती. चुलवाणाला धुराडे, बंबाला नळी. आणि चुलीला मात्र घराचे आढे व घरातील बाईचे डोळे! असे का व्हावे, हा या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

प्रथम चुलवाणाचा विचार करावा. उसाच्या रसात शेकडा ऐंशीच्या आसपास भाग पाणीच असते. ते आटविल्यावाचून गूळ होत नाही. आता, साधे पाणी उकळीस आणावयाचे तर दर किलोस सुमारे ७५ किलोकॅलरी उष्णता पुरते. पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करावयाची तर सुमारे ५४० लागते, म्हणजे सातपटीच्या घरात. इतकी उष्णता विकतच्या लाकडावर मिळवू गेल्यास गुळाचा धंदा परवडणार नाही. म्हणून चरकातून निघालेले चिपाड उन्हात वाळवावयाचे आणि उसाचा रस उसाच्याच चिपाडावर आटवावयाचा, ही रीत पडली. चिपाड पुरले तर नफा, न पुरले तर पदरचे जळण. हा हिशेब हंगामात रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे चुलवाणाची रचना काळजीने होत गेली. जमिनीत खणून विटा-मातीने बांधलेली भट्टी. तिच्यावर काहील अशी बसविलेली की कडेने ज्वाळा वाया जाऊ नये. एका अंगास जळण घालण्याचे तोंड आणि दुसऱ्या अंगास धुराडे. धुराड्यातील तापलेली हवा वर चढते, ती आपल्यामागे ताजी हवा ओढून घेते आणि त्या ओढीने भट्टी धगधगत राहते. जळण घालणारा गडी चिपाडाचा भारा एकदम आत लोटीत नाही. थोडे-थोडे, सारख्या लयीने घालतो. मळी वर यावयाची असेल तेव्हा आच मंद, ती काढून झाली की प्रखर, आणि गूळ होत आला की पुन्हा मंद. गुळव्याच्या एका शब्दासरशी जाळ वरखाली होतो. विसाव्या शतकात सरकारी शेतकी खात्यानेही या चुलवाणात सुधारणा करण्याचे प्रयोग केले. जेथे पैशाचा संबंध आला, तेथे शास्त्राचेही लक्ष गेले.

बंबाची गोष्ट निराळी, पण तितकीच बोधप्रद आहे. तांब्या-पितळेच्या या भांड्याच्या पोटात मधोमध एक उभी नळी असते. नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडण्याची जागा आणि नळीच्या सभोवार पाणी. बंबफोड, करवंट्या, चिपाडाचे तुकडे असे बारीक जळण वरून टाकावयाचे. हवा जाळीखालून येते, विस्तवातून वर चढते आणि धूर नळीवाटे बाहेर पडतो. विस्तवाच्या चोहो बाजूंस पाणीच असल्यामुळे बरीचशी उष्णता त्या पाण्यातच उतरते. रशियातील समोवार नावाचे चहाचे भांडे याच तत्त्वावर चालते. ज्यांच्या घरी बंब होता, त्यांना हा सर्व प्रकार तोंडपाठ असे. ओले लाकूड घातले की बंब धुमसतो, राख साठली की विझतो, जाळी मोकळी केली की भडकतो, हे शाळेत न गेलेले पोरही सांगू शकत असे. पुष्कळ घरी हा बंब आणि ती चूल यांत एका भिंतीचेच काय ते अंतर. भिंतीच्या एका बाजूस जाळी, नळी आणि खेळती हवा यांचे सगळे शहाणपण हजर होते. दुसऱ्या बाजूस ते पोचले नाही.

म्हणून चूल अगदीच अडाणी होती, असे मात्र कोणी समजू नये. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे जे उत्खनन केले, त्यात तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांतून चुलींचे अवशेष मिळाले. इतका दीर्घ काळ जी वस्तू टिकते, तिच्यात काही गुण असलेच पाहिजेत. घोड्याच्या नालासारखी तिची मातीची भिंत ज्वाळेला वाऱ्यापासून आडोसा देते. चुलीला लागून असलेला वैल हा तर काटकसरीचा उत्तम नमुना होय. चुलीवरच्या भांड्याखालून सुटलेली झळ वैलाखाली शिरते आणि त्यावर ठेवलेले वरण आयतेच शिजते. पुढे ओढलेल्या निखाऱ्यांवर दूध तापते, त्यांच्याच धगीला टेकवून भाकरी फुगते, आणि उरलेली राख भांडी घासण्यास उपयोगी पडते. पाहणारास चूल एकच दिसते, पण तिच्यावर एका वेळी तीन-चार कामे चाललेली असतात. हे सर्व ज्यांनी बसविले त्या बायकाच होत्या. माती कालवणे, चूल घालणे, रोज तिला पोतेरे फिरविणे, हे सारे त्यांच्याकडेच असे.

तिचे दोष दोन. पहिला असा की तिला खालून हवा नाही. लाकडे राखेत आडवी पडून जळतात आणि विस्तवाला श्वास फुंकणीने घालावा लागतो. दुसरा असा की ज्वाळेचा मोठा भाग भांड्याला न शिवताच निसटून जातो. चाचण्यांत असे आढळले आहे की उघड्या चुलीवर लाकडातील उष्णतेचा शेकडा १० ते १५ एवढाच भाग साधारणपणे भांड्यापर्यंत पोचतो. बाकीचा भिंतीला, हवेला आणि धुराला जातो.

आता धूर म्हणजे काय? धूर म्हणजे जळावयाचे राहून गेलेले जळण. लाकूड तापले की प्रथम त्यातील पाण्याची वाफ होते. मग त्यातून वायू सुटू लागतात. वाळलेल्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग असा वायुरूपाने बाहेर पडतो. मागे राहतो तो कोळसा. या वायूंना पुरेशी उष्णता आणि पुरेशी हवा मिळाली तर त्यांचीच ज्वाळा होते. न मिळाली तर त्यांचाच धूर होतो. ओल्या लाकडाची पुष्कळशी उष्णता स्वतःचे पाणी घालविण्यातच खर्ची पडते, म्हणून ते धुमसते. तेव्हा डोळ्यांत जाणारा धूर आणि वाया जाणारे सरपण ही दोन दुखणी नव्हेत, एकाच दुखण्याची दोन नावे होत. चुलवाणावरचा गडी धूर काळा येऊ लागला की हात आखडतो, त्याचे कारण हेच.

पश्चिमेकडील स्वयंपाकघरांतही ही समज काही फार जुनी नाही. अमेरिकेत जन्मलेला बेंजामिन टॉम्सन, जो पुढे काउंट रमफोर्ड म्हणून प्रसिद्धीस आला, तो अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियाच्या राजाश्रयास होता. म्यूनिक येथे गरिबांसाठी काढलेल्या उद्योगगृहात शेकडो माणसांचे अन्न रोज शिजवावे लागे, आणि त्या जळणाचा खर्च सार्वजनिक निधीतून होई. रमफोर्डने विस्तव विटांच्या बांधकामात कोंडला, त्याच्याखाली जाळी बसविली, भांडी त्या बांधकामात उतरविली आणि हवा कमी-अधिक करण्यास झडपा ठेवल्या. जळण कितीतरी कमी लागू लागले. येथेही गोष्ट तीच दिसते: जेथे लाकडाचा पैसा कोणाच्या तरी वहीत मांडला जात होता, तेथे प्रथम सुधारणा झाली.

आपल्याकडे घरच्या चुलीकडे विचारपूर्वक लक्ष गेले ते वर्ध्यास. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. महात्मा गांधी त्याचे प्रेरक आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत संघाचे ठाणे वसले आणि गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या स्थानास मगनवाडी हे नाव मिळाले. तेल, गूळ, कागद, तांदूळ यांच्याबरोबर तेथे चुलीचाही विचार झाला, आणि त्यातून मगन चूल निघाली. मातीचाच ओटा, पण त्यावर एकापुढे एक भांड्यांची तोंडे, आतून त्यांना जोडणारी वाट आणि शेवटी धूर घराबाहेर नेणारे धुराडे. पुढे १९५३ साली हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील एस. पी. राजू यांनी अशाच धूररहित चुलीचा पुरस्कार करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. घरातील बाईचा धूर हा देशाच्या विचाराचा विषय आहे, हे या लोकांनी प्रथम मान्य केले. ही गोष्ट लहान नव्हे.

तथापि, या चुली घरोघर रुजल्या नाहीत. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला आणि त्यात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसविल्याची नोंद झाली. इतक्या चुलींपैकी पुष्कळशा थोड्याच वर्षांत मोडल्या किंवा अडगळीत गेल्या, असे पाहणी करणारांना आढळून आले. कारणे शोधू गेल्यास ती चुलीच्या तोंडाशीच सापडतात. लांब लाकूड आत जावे म्हणून तोंड फोडून मोठे करावे लागे. धुराड्याची ओढ प्रमाणाबाहेर झाली की ज्वाळा भांड्याखाली न थांबता थेट बाहेर पळे, आणि धूर गेला तरी लाकूड पूर्वीइतकेच, कधी अधिकही, लागे. दुसऱ्या तोंडावर पुरेशी आच पोचत नसे. धुराड्यात काजळी साठली आणि ती काढण्यास कोणी आले नाही, म्हणजे धूर पुन्हा घरात. पावसाळ्यात धुराड्याच्या कडेने छप्पर गळे, ते वेगळेच. चूल बसवून देणारा मनुष्य बसविलेल्या चुलींची संख्या लिहून घेई. त्या चुलीवर भाकरी कशी होते, हे विचारण्याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती. चुलवाण सुधारले, कारण ते वापरणारा व त्याचा हिशेब ठेवणारा एकच होता. चुलीचा हिशेब मात्र जिने ठेवावयाचा, तिचे मत कोणी घेतले नाही.

याच काळात धुराचे मापही प्रथमच नीट घेतले गेले. १९८१ मध्ये कर्क स्मिथ आणि त्यांचे भारतीय सहकारी यांनी गुजरातमधील खेड्यांत, स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच मापनयंत्रे बांधून, चुलीपुढील हवा तपासली. मोठ्या शहरांतही ज्या हवेचा गवगवा व्हावा, तिच्याहून कित्येक पटींनी दूषित हवा त्या रोज श्वासावाटे घेत होत्या. त्यानंतर जगभर अभ्यास झाले. दमा, फुप्फुसाचे विकार, लहान मुलांचा न्यूमोनिया यांच्याशी या धुराचा संबंध स्पष्ट झाला. घरातील अशा दूषित हवेमुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ज्याला कित्येक पिढ्या बायकांचे नशीब म्हटले गेले, त्याला आता आकडा मिळाला.

शहरी कुटुंबांनी या धुरातून आपली सुटका पैसे टाकून करून घेतली. आधी कोळशाची शेगडी आली, मग रॉकेलचा स्टोव्ह, पुढे गॅस. शेगडीला धूर नाही म्हणून ती निर्धोक समजली जाई; पण बंद खोलीत तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि प्राण घेतो. भुशाची शेगडी ही त्याच काळातील एक चतुर युक्ती. पत्र्याच्या डब्याला खाली कडेस भोक पाडावयाचे, मध्ये बाटली उभी धरून आणि भोकातून दांडा घालून सभोवार लाकडाचा भुसा ठासून भरावयाचा, मग बाटली व दांडा अलगद काढून घ्यावयाचे. मधल्या पोकळीचे धुराडे होते, खालच्या भोकातून हवा येते, आणि वखारीतला टाकाऊ भुसा तासन्‌तास जळत राहतो. बंबाचेच तत्त्व, मात्र तांब्यावाचून.

उसाच्या मुलखाला लागू पडणारा आणखी एक प्रयत्न पुण्याच्या आरती या संस्थेचा. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने १९९६ साली निघालेल्या या संस्थेने उसाच्या पाचटाकडे लक्ष वळविले. ऊस तुटून गेल्यावर हेक्टरी सुमारे १० टन पाचट शेतात पडून राहते, आणि पुष्कळ शेतकरी ते तेथेच पेटवून देतात. संस्थेने बंद भट्टीत त्याचा कोळसा करून कांड्या पाडण्याची रीत बसविली. त्याबद्दल तिला २००२ साली लंडनचे अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळाले. सुधारित चुलींचे प्रशिक्षण देऊन त्या करून विकण्याचा धंदा गावोगावच्या लोकांच्या हाती द्यावा, असाही तिचा प्रयत्न राहिला. चूल फुकट वाटण्याऐवजी पसंत पडेल त्याने ती विकत घ्यावी, यात वापरणाऱ्या बाईच्या मताला प्रथमच किंमत आली.

या सर्व इतिहासातून घरच्या चुलीसाठी जे नियम निघतात, ते थोडे आणि साधे आहेत. सरपण पावसाळ्यापूर्वी फोडून आडोशाला वाळवावे. ओल्या लाकडात वजनाने जवळजवळ निम्मे पाणी असू शकते, आणि ते पाणी उडविण्याचा खर्च आपल्यालाच पडतो. लाकडे अंगठ्याएवढी बारीक असावीत, त्यांची टोकेच जळत ठेवावीत आणि जळतील तशी ती पुढे सारावीत. मोठे ओंडके कोंबून धुमसविण्यापेक्षा लहान पण लखलखीत जाळ बरा. लाकडाखाली लोखंडी जाळी, निदान चार सळ्या, ठेवून खालून हवा खेळू द्यावी आणि राख वेळोवेळी काढावी. भांडे ज्वाळेच्या जवळ, पण ज्वाळा गुदमरणार नाही इतक्या अंतरावर असावे, आणि त्यावर झाकण असावे. डाळ आधी भिजत घालावी. पाण्याला एकदा उकळी फुटली की जाळ कमी करावा. पाणी खळखळल्याने अन्न लवकर शिजत नाही, केवळ वाफ होते, आणि वाफेची किंमत किती असते ते गुऱ्हाळवाल्यास विचारावे. काम झाले की लाकडे बाहेर ओढून विझवावीत. धुराडे असेल तर त्यावर टोपी असावी आणि ते महिन्यातून एकदा झाडावे. नसेल तर चूल पडवीत किंवा समोरासमोर खिडक्या असलेल्या जागी असावी. तान्हे मूल कडेवर घेऊन चुलीपुढे बसण्याची सवय मोडावी.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि कोट्यवधी घरांत गॅसची शेगडी पोचली. परंतु शेगडी आली म्हणून चूल गेली, असे सर्वत्र झालेले नाही. कित्येक घरांत चहा-भाजी गॅसवर आणि भाकरी व अंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी चालते. सिलिंडर संपला आणि हाताशी पैसे नसले म्हणजे सारे चुलीवर. म्हणून चुलीचा प्रश्न कालचा झाला, असे म्हणता येत नाही.

कोल्हापूरच्या मुलखात आजही हिवाळ्यात गुऱ्हाळे पेटतात आणि धुराड्यांतून धूर वर चढताना दुरून दिसतो. घरात माती असावी, मातीची चूल असावी, यात उणेपणा काही नाही. उणेपणा होता तो एवढाच की गुळाच्या काहिलीसाठी आणि अंघोळीच्या पाण्यासाठी जी अक्कल चालविली गेली, ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थबकली. चार सळ्यांची जाळी आणि हातभर धुराडे यांना तो उंबरा ओलांडण्यास पिढ्यान्‌पिढ्या लागल्या, आणि तेवढा काळ जो धूर घरात कोंडला, त्याचे मोल चुलीपुढे बसणारीने भरले.